कपूरकाचरी, हिंग, कवठ आणि जालन्याचं ऊन

मे महिन्याच्या २१ तारखेच्या आसपास जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत एक गंमत घडते. दुपारी साडेबाराला पाच-सात मिनिटं कमी असताना अंगणात काठी सरळ उभी धरा, सावली काठीच्या बुडाशीच गडप होते. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो. जुलैच्या २३ तारखेच्या सुमाराला परतीच्या वाटेवर तो पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि कुणाचं लक्ष जात नाही.

सूर्य डोक्यावर असला की त्याच्या किरणांना हवेतून सगळ्यात आखूड वाट मिळते. वाट आखूड, म्हणून गाळले जाणारे किरणही कमी. अतिनील किरणांचा जोर सांगायला १९९२ मध्ये कॅनडाने एक सोपी मोजपट्टी काढली, यूव्ही इंडेक्स. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती उचलली. आकडा ३ झाला की अंग जपायला लागा, ११ च्या पुढे गेला की धोका कमालीचा, असा तिचा हिशेब. मराठवाड्यातल्या निरभ्र मे महिन्यात दुपारचा आकडा ११ च्या पुढे सहज जातो.

चटका मात्र यात फसवतो. हवा सगळ्यात जास्त तापते तीन-साडेतीनला, अतिनील किरणांचा जोर असतो साडेबाराच्या आत-बाहेर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचताना हवा सुसह्य वाटते, तरी अकरा ते दोन या वेळात कातडीवर त्यांचं काम चालूच असतं. पातळ ढगांतूनही ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली उतरतात. मोबाइल न उघडता अंदाज घ्यायचा तर आपली सावली बघावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण जोरात आहेत.

या उन्हावर झाडपाल्याकडे काय उतारा आहे? भरपूर आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या डब्या-बरण्यांत, बांधावर, शेतात आहे. पण ‘हर्बल’ लिहिलेल्या बाटलीत तो जेवढा सांगतात तेवढा क्वचितच असतो. जिथे तो खरोखर भक्कम आहे, तिकडे आपण पुरेसं बघत नाही.

झाडांची स्वतःची सोय

झाडाला सावलीत सरकून बसता येत नाही. मे महिन्यात बांधावरचा आंबा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तिथेच उभा. म्हणून पानं स्वतःच्या वरच्या सालीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं साठवतात. ती अतिनील किरण शोषतात आणि अन्न तयार करायला लागणारा उजेड मात्र आत जाऊ देतात. इतकी नेमकी निवड करणारी क्रीम माणसाला फार उशिरा जमली.

झाडाला अतिनील किरण ‘कळतात’सुद्धा. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वनस्पतींमधलं यूव्हीआर-८ नावाचं प्रथिन यूव्हीबी प्रकारचे अतिनील किरण ओळखतं आणि त्यानंतर ही संरक्षक रसायनं बनवायचा निरोप जातो. ऊन जास्त तितका मसाला जास्त. अतिनील किरण अडवणाऱ्या आच्छादनाखाली वाढवलेला लाल लेट्यूस फिकट राहतो, तो यामुळेच.

आंब्याची आणि पिंपळाची कोवळी पालवी तांबूस का असते? त्या रंगामागे अँथोसायनिन असतात. कोवळ्या पानाची यंत्रणा पुरती तयार झालेली नसते, तोवर प्रखर उजेडापासून ही लाली त्याला जपते, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. आपल्या शाळू ज्वारीकडे तर वेगळीच रंगद्रव्यं आहेत, एपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन. इतर धान्यांत ती सहसा सापडत नाहीत. ज्वारीच्या ताटावर, पानांवर जे लालसर-जांभळे डाग दिसतात, त्यांत त्यांचा हात असतो.

दिवाळीच्या उटण्यातला रेणू

या सगळ्या सफरीत मला सगळ्यात जास्त हरखून टाकणारी गोष्ट हीच. उटण्याची पुडी उघडा. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, गव्हला कचोरा, संत्र्याची साल आणि कपूरकाचरी. कपूरकाचरी म्हणजे हिमालयात वाढणाऱ्या, सोनटक्क्याच्या कुळातल्या एका झाडाचा कंद. त्याच्या वासाच्या तेलात इथिल पॅरा-मिथॉक्सिसिनॅमेट नावाचा रेणू भरपूर असतो.

आता जगभरच्या सनस्क्रीनमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं एक रसायन बघा, ऑक्टिनॉक्सेट. त्याचं पूर्ण नाव इथिलहेक्सिल मिथॉक्सिसिनॅमेट. गाभा तोच, फक्त शेपूट लांब. हा गाभा ३१० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषतो, म्हणजे कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांच्या पट्ट्यातलेच. लांब शेपटीमुळे तो तेलात चांगला विरघळतो आणि घामाने चटकन वाहून जात नाही. कारखान्याने सुधारणा केली ती शेपटीत, गाभा कपूरकाचरीने कधीचाच बनवून ठेवला होता.

सिनॅमेटचं हे घराणं दालचिनीशीही नातं सांगतं. अमेरिकेत १९२८ मध्ये बाजारात आलेल्या, पहिल्या मानल्या जाणाऱ्या सनस्क्रीनमध्ये दोनच मुख्य घटक होते, बेन्झिल सिनॅमेट आणि बेन्झिल सॅलिसिलेट. पहिला दालचिनीच्या रसायनाच्या गोतातला, दुसरा विलोच्या सालीतून पुढे आलेल्या सॅलिसिलिक आम्लाच्या. म्हणजे सनस्क्रीनचा जन्मच वनस्पतींच्या रसायनशास्त्रातून झाला.

मग उटणं लावून शेतात जावं का? नको. उटण्यात या रेणूचं प्रमाण थोडं असतं, आणि उटणं लावतात ते धुऊन टाकायला, तेही अभ्यंगस्नानाच्या वेळी, सूर्य उगवायच्या आधी. उटण्याचा मान त्याच्या वासात आणि त्या पहाटेत आहे. पण औषधनिर्माणशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर या कंदाइतका जवळचा आणि रसाळ विषय शोधून सापडणार नाही.

ऑक्टिनॉक्सेटबद्दल आणखी एक. प्रवाळांना अपाय होतो या कारणावरून हवाई बेटांनी २०१८ मध्ये कायदा करून त्याची विक्री २०२१ पासून थांबवली. तेव्हापासून उत्पादकांचं लक्ष वनस्पती आणि शेवाळांतल्या रेणूंकडे पुन्हा वळलं आहे.

फोडणीतला हिंग

फेरुलिक आम्ल हे नाव महागड्या सीरमच्या बाटल्यांवर हल्ली फार दिसतं. हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं गेलं १८६६ मध्ये, आणि ते हिंगाच्या झाडाच्या चिकातून. अतिनील किरण शोषणं आणि त्यांच्यामुळे पेशीत तयार होणारे उपद्रवी कण शांत करणं, अशी दोन्ही कामं ते करतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये क आणि ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात फेरुलिक आम्ल मिसळून पाहिलं. द्रावण टिकाऊ झालं आणि उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं.

हेच आम्ल ज्वारीच्या दाण्यात, गव्हाच्या आणि तांदळाच्या कोंड्यात असतं. दाण्याच्या सालीला ते बळकटी देतं. चाळून टाकलेला कोंडा हा खरं तर उन्हाशी झुंजलेला भाग.

हळदीचा डाग उन्हात का जातो

घरोघरी माहीत असलेली गोष्ट. कपड्यावर हळदीचा डाग पडला की धुऊन उन्हात टाकायचा, डाग फिका होत जातो. यातच हळदीच्या सनस्क्रीनपणाचं उत्तर आहे. हळदीतलं कर्क्युमिन उन्हात स्वतःच मोडतं. शिवाय ते सगळ्यात जास्त शोषतं तो निळा-जांभळा उजेड, ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा. यूव्हीबी तर २८० ते ३१५ नॅनोमीटरमध्ये असतात. म्हणून हळदीचा लेप लावून उन्हात फिरणं ही ढाल होऊ शकत नाही. दाह कमी करण्याचा तिचा गुण वेगळा, आणि तो खराच महत्त्वाचा.

इतका, की त्यावर हक्क सांगायला अमेरिका पुढे आली होती. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याबद्दल पेटंट मिळालं. तेव्हा सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्याला लावून सीएसआयआरने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पारंपरिक ज्ञानाच्या बाबतीत हा निकाल आजही दाखला म्हणून सांगितला जातो.

खाऊन ऊन सोसतं का?

थोडंसं सोसतं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २००१ मध्ये काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर खाऊ घातली. दहा आठवड्यांनी, तेवढ्याच अतिनील किरणांनी त्यांच्या कातडीवर येणारी लाली ४० टक्क्यांनी कमी झाली. काम लायकोपीनचं, टोमॅटोच्या लाल रंगाचं. लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलाबरोबर जास्त चांगलं अंगी लागतं. म्हणजे कच्च्या कोशिंबिरीपेक्षा तेलात परतलेली टोमॅटोची चटणी सरस. मात्र परिणाम दिसायला आठवडे लागले, आणि ४० टक्के कमी लाली हे सनस्क्रीनच्या मानाने फारच थोडं संरक्षण. भर म्हणून चांगली, भिस्त ठेवायला अपुरी.

द्राक्षांची गोष्ट जालना जिल्ह्याला जवळची, कारण कडवंचीसारखं गाव द्राक्षांवर नाव कमावून आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात १९ जणांना १४ दिवस रोज सुमारे सव्वादोन कप द्राक्षांइतकी द्राक्षपूड दिली. कातडी लाल व्हायला लागणारी किरणांची मात्रा सरासरी ७५ टक्क्यांनी वाढली. आकडा झकास आहे, पण माणसं फक्त १९ आणि पैसा कॅलिफोर्नियाच्या द्राक्ष उत्पादकांच्या संस्थेचा, हे दोन्ही लक्षात ठेवून तो वाचावा. द्राक्षं खायला आणखी कारण लागत नाही हेही खरंच.

हिरव्या चहाचं काम जास्त तपासलेलं आहे. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये हिरव्या चहाचा अर्क माणसांच्या कातडीवर लावून मग अतिनील किरण सोडले. लाली कमी आली, भाजलेल्या पेशी कमी दिसल्या, डीएनएची मोडतोडही कमी झाली. गंमत अशी की हा अर्क किरण फारसे अडवत नव्हता, आत शिरलेल्या किरणांनी केलेलं नुकसान आवरत होता. वनस्पतींच्या अर्कांबद्दल हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक अर्क छत्रीचं काम करत नाहीत, ते भिजल्यावर अंग पुसून कोरडं करणाऱ्या पंचाचं काम करतात. दोन्हींची गरज असते, पण पंचा डोक्यावर धरून पावसात कुणी निघत नाही.

चहातल्या या रसायनांचं कुळ म्हणजे कॅटेचिन. आणि कॅटेचिन पहिल्यांदा मिळालं ते चहातून नव्हे, खैराच्या काथातून. पानाच्या डब्यातल्या काथातून!

करंज, कवठ आणि तेलाचा एसपीएफ

मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी करंज उदंड. त्याचं तेल दिव्याला चाललं, जनावरांच्या खरजेला चाललं, आता कीड आवरायला चालतं. या तेलातल्या करंजिन नावाच्या स्फटिकी घटकावर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले रसायनशास्त्रज्ञ डी. बी. लिमये १९२५-२६ मध्येच काम करत होते. करंजिन आणि त्याचे सोबती अतिनील किरण शोषतात, म्हणून परदेशातल्या काही ‘नैसर्गिक’ सनस्क्रीनच्या घटकांत आज करंजतेल दिसतं. घाण्यावरचं कडू तेल तोंडाला फासू नये, त्याने कातडी चुरचुरते. पण शंभर वर्षांपूर्वी पुण्यात सुरू झालेल्या कामाचा धागा पुढे न्यायला इथे भरपूर वाव आहे.

कवठ महाशिवरात्रीला आठवतं. म्यानमारमध्ये ते रोज गालावर असतं. तिथे बायका, मुलं, शेतकरी गालांना फिकट पिवळा लेप लावतात, त्याचं नाव तनाखा. सहाणेवर पाणी घालून झाडाची साल उगाळायची आणि लावायची. ही साल कवठाची किंवा त्याच्या जवळच्या भावंडाची असते. तिच्यात मार्मेसिन नावाचा रेणू आहे, तो यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण शोषतो. एकट्या लेपाचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा, कमीच भरतो, पण भर उन्हात भात लावणाऱ्या बायकांनी शतकानुशतकं टिकवलेली ही सवय केवळ नटण्याची नव्हती, एवढं रसायनशास्त्राने मान्य केलं आहे.

आता खोबरेल. ‘खोबरेल तेलाचा एसपीएफ ७’ हे वाक्य मोबाइलवर फिरत असतं. त्याचा उगम २०१० च्या एका भारतीय अभ्यासात आहे, रायपूरच्या विद्यापीठातल्या. ऑलिव्ह आणि खोबरेल तेलाला ७ च्या आसपास, एरंडेलाला ५-६, तिळाच्या तेलाला २ पेक्षाही कमी आकडा मिळाला होता. पण ही मोजणी कातडीवर केलेलीच नव्हती. तेल अल्कोहोलात पातळ करून काचेच्या छोट्या नळीत भरायचं, २९० ते ३२० नॅनोमीटरचे किरण त्यातून सोडायचे, किती शोषले गेले ते बघून सूत्रात घालायचं, अशी ही पद्धत. प्रयोगशाळेत झटपट तुलना करायला ती उपयोगी. अंगावर मात्र तेलाचा थर पातळ पसरतो, घामाने सरकतो, आणि तेवढं संरक्षण मिळत नाही. खोबरेलाने कोरडी कातडी मऊ होते, तेवढ्यासाठी ते जरूर वापरा.

कोरफडीचंही तसंच. भाजलेल्या कातडीला तिचा गर थंडावा देतो. किरण अडवणं हे तिचं काम नाही.

उलटं काम करणाऱ्या वनस्पती

हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा असा. ‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ ही समजूत ज्या कारणाने सगळ्यात जास्त महागात पडते, ते कारण म्हणजे सोरॅलेन कुळातली रसायनं. ती कातडीवर असताना यूव्हीए पडले की कातडी भाजते. लाली, फोड, आणि नंतर महिनोन्महिने न जाणारे काळपट चट्टे.

ही रसायनं कुठे असतात? आपल्या कागदी लिंबाच्या सालीत. अंजिराच्या चिकात. काळे डाग जावेत म्हणून लिंबाची फोड तोंडावर चोळून उन्हात जाणारी मुलगी डाग घालवायला निघते आणि नवे घेऊन येते. फोड लगेच उठत नाहीत, दीड-दोन दिवसांनी उठतात, म्हणून लिंबाचा संशयही येत नाही. घरातल्या मुलींना हे आवर्जून सांगा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी या बाबतीत बरीच सौम्य, पण तीसुद्धा खायची.

याच रसायनाला वैद्यकाने कामाला लावलं, हेही तितकंच थक्क करणारं. बावचीचं बी आयुर्वेदात कोडावर शतकानुशतकं वापरलं जातं, कारण त्यात सोरॅलेन आहे. कोड म्हणजे रंग गेलेली कातडी. तिथे सोरॅलेन आणि मोजून-मापून दिलेलं ऊन मिळून रंगपेशींना जागं करतात. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सोरॅलेन आणि यूव्हीए दिव्यांची जोडी सोरायसिसवर वापरली, तिला पुवा उपचार म्हणतात. पण मात्रा चुकली तर भाजतं. बावचीचं तेल स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसणं धोक्याचं आहे, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीचं काम.

आणि गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज मराठवाड्यातला एकही बांध त्याच्यावाचून नाही. त्याच्या संपर्काने होणाऱ्या इसबाच्या काही रुग्णांना पुढे ऊनच सोसेनासं होतं, चेहरा, मान, हातांचे उघडे भाग जाड आणि काळे पडतात. गवत उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या असाव्यात, आणि ते फुलायच्या आधीच उपटावं.

सिंधुदुर्गाच्या खडकांवर

एक ओझरता फेरफटका किनाऱ्यावर. सिंधुदुर्गातल्या खडकांवर पोरफायरा नावाचं तांबूस समुद्री शेवाळ वाढतं. ओहोटीला ते उघडं पडतं, तासन्‌तास उन्हात. त्याने तयार केलेल्या संरक्षक रेणूचं नाव पोरफायरा-३३४, कारण तो ३३४ नॅनोमीटरचे किरण सगळ्यात जास्त शोषतो. म्हणजे थेट यूव्हीए. भारतीय संशोधकांनी तो या शेवाळातून वेगळा करून २०१० मध्ये त्याच्या सूर्यरक्षक गुणांवर निबंध लिहिला. यूव्हीए अडवणारे नैसर्गिक रेणू कमी, म्हणून हा मोलाचा.

बाटलीची मागची बाजू

क्रीम घ्यायचीच असेल तर पुढचं चित्र सोडा, मागची यादी वाचा. पानाफुलांची नावं कितीही असली तरी खरी अडवणूक बहुतेक वेळा झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा एखादा रासायनिक गाळणघटक करत असतो. यादीत यांतलं काहीच नसेल, तर ती क्रीम सुवासिक असेल, सनस्क्रीन नव्हे.

एसपीएफ १५ यूव्हीबीपैकी सुमारे ९३ टक्के अडवतो, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. तीसच्या पुढे फरक थोडा. खरा फरक पडतो लावण्याच्या जाडीने. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात. माणसं लावतात त्याच्या पाव ते निम्मी. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीमची रेघ लागते, आणि घाम आला की पुन्हा.

सावळ्या-काळ्या कातडीला हे लागू नाही का? काळ्या कातडीतलं मेलॅनिन सुमारे १३ एसपीएफइतकं काम करतं, असं मोजलं गेलं आहे, गोऱ्या कातडीचं साडेतीनच्या आत. आपण बहुतेक मधले. म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी दिसतो, पण वांग भरपूर. वांग वाढायला अतिनील किरणांबरोबर साधा उजेडही पुरतो, आणि तो अडवायला रंगीत सनस्क्रीनमधला आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतो. गेरूचा तांबडा रंग ज्या लोहाच्या संयुगाचा, तेच हे.

गाडीची काच बंद असली तरी यूव्हीए आत येतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या अमेरिकी ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवून त्याचा खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी लोंबला होता, उजवा बराच बरा. आपल्याकडे खिडकी चालकाच्या उजवीकडे असते.

कापूस

आता ती भक्कम गोष्ट. जाफराबाद तालुक्यातल्या कापसाच्या रानात वेचणीला आलेल्या बाया बघा. साडीवर घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ. त्यांच्या अंगावरचं ते सूत वनस्पतीपासूनच आलेलं आहे, आणि कुठल्याही अर्कापेक्षा ते जास्त भरवशाचं आहे. पुरुषांची गांधी टोपी इथे कमी पडते. तिला कड नाही, त्यामुळे नाक, कान, मानेचा मागचा भाग उघडा राहतो. उपरणं कानांवरून घेऊन मानेवर सोडलं तर बरं.

पण सगळं सूत सारखं नसतं. कापडाची ताकद यूपीएफमध्ये मोजतात. ५० म्हणजे पन्नासातला एक हिस्सा आत जातो. पातळ, पांढऱ्या सुती कापडाचा यूपीएफ अनेकदा १० च्याही खाली असतो, घामाने ओलं झालं की आणखी घटतो. वीण घट्ट असली की वाढतो, गडद रंगाने वाढतो. आणि ब्लीच न केलेल्या कापडाचा जास्त असतो, कारण कापसाचे मूळचे रंगकण ब्लीचिंगमध्ये निघून जातात आणि तेच किरण शोषणारे असतात. म्हणजे स्वस्तातलं भरड मांजरपाट झुळझुळीत पांढऱ्या कापडाला मागे टाकतं. तपकिरी आणि हिरवट रंगाचा नैसर्गिक कापूस असतो, त्याच्या कापडाचा यूपीएफ तर कमालीचा चांगला भरल्याचं अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासात दिसलं.

वनस्पतींचे अर्क खरे चमकतात ते इथे. २००४ मध्ये अजॉय सरकार या संशोधकाने सुती कापड नैसर्गिक रंगांत बुडवून मोजलं. मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाचा लाल, निळीचा निळा. रंग जितका गडद तितकं संरक्षण वाढत गेलं. कातडीवर चार तासांत घामाबरोबर जाणारा अर्क कापडात मुरला की अनेक धुण्यांनंतरही टिकतो. डाळिंबाच्या साली, खैराचा काथ, बाभळीची साल, हिरडा, या सगळ्यांतल्या टॅनिनचा कापडाशी चांगला मेळ बसतो.

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या शेतकऱ्यांनी तर याचा पोशाखच केला, गालोत. कच्च्या पर्सिमन फळाच्या तुरट रसात कापड बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा वाळवायचं. ऊन लागेल तसा रंग गडद तपकिरी होत जातो आणि कापड कडक होतं. घामाने ते अंगाला चिकटत नाही, आणि अतिनील किरण जास्त अडवतं, हे तिथल्या वस्त्रसंशोधकांनी मोजून दाखवलं आहे. जपानमध्येही हा रंग काकीशिबू नावाने चालतो.

पर्सिमन आणि आपलं टेंभुर्णीचं झाड सख्खी भावंडं, दोघंही डायोस्पायरॉस या एकाच प्रजातीतली. टेंभुर्णीचं कच्चं फळ तितकंच तुरट असतं, पानं विडीला जातात, पिकलेली टेंभरं मुलं खातात, कच्ची झाडाखाली पडून सडतात. मांजरपाटाचे हातभर तुकडे, कच्च्या टेंभरांचा रस, एप्रिल-मे महिन्याचं ऊन आणि यूपीएफ मोजायला एखाद्या वस्त्र किंवा औषधनिर्माण महाविद्यालयातलं यंत्र, एवढ्या सामानात हा प्रयोग होतो. वेचणीच्या हंगामापर्यंत त्या कापडाचे स्कार्फ शिवून तयार असू शकतात.